कुलपातल्या गोळ्या

"धाकटे टेलर शिलाई मशीनवर डोकं ठेवून गेले, आणि तपासणीत त्यांच्या पोटात मॉर्फिन सापडलं," डॉक्टर म्हणाले. "पोलीस आता माझ्या सिस्टरच्या मागे लागलेत."

चौकशीबाईंनी चष्मा पुसायला घेतला. खासगी तपासाचा धंदा करता करता हे नाव लोकांनीच त्यांना चिकटवलं होतं, आणि त्यांनी ते दारावरच्या पाटीवर लावून टाकलं होतं. शेजारी मास्तर बसले होते. भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर बाईंची गाडी चालवत आणि दर वेळी चुकीच्या माणसावर संशय घेत. आत्ता त्यांना डॉक्टरांचाच संशय येत होता.

"सिस्टरच्याच मागे का?"

"दोघा मित्रांचं शिवणाचं दुकान. मोठे टेलर कापायचे, धाकटे शिवायचे. मोठ्यांना कॅन्सर आहे, शेवटचे महिने आहेत. दुखणं सोसवत नाही म्हणून मॉर्फिन चालू आहे. ते त्यांच्या घरी कुलपात असतं आणि किल्ली सिस्टरच्या कमरेला."

"मोठ्यांना माहीत आहे, काय झालंय ते?"

"अल्सर म्हणून सांगितलंय. त्यांच्या मुलीने हात जोडले, बाबा हाय खातील म्हणाली. मीही मान डोलावली. खरं सांगायचं तर मलाही ते सोपं पडलं."

बाई आधी दुकानात गेल्या. मशीनवर एक कोट अर्धवट पडला होता, एक बाही लागलेली, दुसरी टाचणीवर. धाकट्यांची बायको पडदा ओढून आत बसली होती. बाईंनी मशीनखालचा खण उघडला. आत पित्ताच्या चघळायच्या गोळ्यांची पाकिटं होती, वर खडूची भुकटी साचलेली.

"ह्यांना हात लागलेला दिसत नाही," बाई म्हणाल्या.

"पूर्वी दिवसभर चघळायचे," ती म्हणाली. "जळजळीने हैराण असायचे. इतक्यात बंद केल्या होत्या. आता बरं वाटतं म्हणायचे. भर दुपारी मशीनवर पेंगायला लागले होते, मी हसायचे त्यांना."

"त्या दिवशी?"

"एका गिऱ्हाइकाकडे तळकट जेवले. छातीत आग पडली म्हणत मोठ्यांना भेटायला गेले. रोज जायचे. अल्सरवाल्याला एकटं बरं वाटत नाही म्हणायचे. तिथून आले, मशीनवर बसले, ते बसलेच." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दमा जुना होता. मला वाटलं, त्यानेच गेले."

बाहेर आल्यावर मास्तर कुजबुजले, "बायकोच असणार. फार शांत आहे."

"रडून झालेली माणसं शांतच असतात, मास्तर."

मोठ्या टेलरांच्या घरी सिस्टरने कपाट उघडून दाखवलं. "गोळ्या पोलिसांसमोर मोजल्या. आणलेल्या आणि दिलेल्या जुळतात, एकही कमी नाही. तरी म्हणतात, किल्ली तुझ्याकडे, मग दुसरं कोण?"

"पेशंटला तुम्ही स्वतः भरवता?"

"दिवसाच्या गोळ्या सकाळी बशीत ठेवते. समोर उभी राहून गिळायला लावलं की ते विचारायचे, एवढं काय आहे यात? मुलीने सांगितलं, तसं करू नका."

"दुखणं कसं आहे?"

"मधे वाढलं होतं. आठवडाभर संध्याकाळी कण्हायचे. धाकटे टेलर गेले त्या दिवशी तर बघवत नव्हतं. डॉक्टर डोस वाढवणार होते."

मुलगी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती.

"धाकट्या काकांना बाबांचा खरा आजार का सांगितला नाहीत?" बाईंनी विचारलं.

"त्यांच्या पोटात काही राहत नाही. दारातूनच बाबांना हाक मारून सांगितलं असतं." तिला हसू आलं, ते तिने लगेच आवरलं. "माझं त्यांच्याशी भांडणही झालं होतं. अल्सरच आहे ना, मग मी याला दुकानात घेऊन जातो, म्हणत होते. मी नाही नाही ते बोलले."

"काका गेल्याचं बाबांना कळलंय?"

"नाही. त्यांच्या लेकीकडे गेलेत म्हणून सांगितलंय."

मोठे टेलर उशांना टेकून बसले होते. अंग वाळलं होतं, पण हाताची बोटं अजून कात्रीला सरावलेली दिसत होती. विम्याच्या कामाला आलेली माणसं म्हणून बाईंनी ओळख करून दिली. टेलरांनी मास्तरांच्या सदऱ्याकडे एक नजर टाकली.

"खांदा उतरलाय. कोणी शिवला?"

"तयार घेतला," मास्तर ओशाळले आणि छाती चोळू लागले. दिवसभरात चहा फार झाला होता.

"पित्त का? आमच्या धाकट्याचं असंच. आयुष्यभर अर्धा चहा त्याचा, अर्धा माझा. मोठा चिकट माणूस, पण मला सोडून एक घोट घ्यायचा नाही. आणि आता लेकीकडे जाऊन बसलाय, एक निरोप नाही." त्यांनी बशीतून एक गोळी उचलली. "ही घ्या. डॉक्टरांची आहे, पित्त बसतं. थोडी गुंगी येते, एवढंच."

मास्तरांनी हात पुढे केला. त्याआधीच बाईंनी गोळी उचलली. "मला द्या. यांच्यापेक्षा मला जास्त गरज आहे." ती त्यांनी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर, सिस्टर आणि मुलगी बसली होती. बाईंनी रुमाल टेबलावर उघडला.

"ही मॉर्फिनची गोळी. काल मास्तरांना पित्तासाठी मिळाली."

सिस्टरचा हात तोंडाशी गेला. मास्तरांनाही आत्ता कुठे समजलं, आणि त्यांचा हात आपोआप छातीवर गेला.

"कुलपातली एकही गोळी कमी नव्हती," बाई म्हणाल्या. "म्हणजे गेली ती बशीत ठेवल्यानंतर. ज्याच्यासाठी ठेवली त्याचं दुखणं त्याच आठवड्यात वाढलं, कारण तो सगळ्या गोळ्या घेत नव्हता. त्याच आठवड्यात धाकट्यांनी आपल्या पित्ताच्या गोळ्या सोडल्या आणि ते दुपारी पेंगू लागले. मोठ्यांना सांगितलेलं की अल्सर आहे, गोळ्या पित्ताच्या आहेत. मित्राची जळजळ बघवेना, म्हणून त्यांनी आपल्यातली दिली. धाकट्यांनाही आजार माहीत नव्हता, त्यांनी विश्वासाने घेतली. एका गोळीने बरं वाटायचं. त्या दिवशी आग जास्त होती, म्हणून मोठ्यांनी बशीतल्या सगळ्याच देऊन टाकल्या असणार. संध्याकाळी ते स्वतः तळमळत राहिले. दम्याच्या माणसाला ते औषध झेपलं नाही."

बाहेरच्या बाकावर पेशंट खोकत होते.

"म्हणजे मी मारलं काकांना," मुलगी म्हणाली.

"कोणीच मारलं नाही. पोलिसांना मी तसंच सांगेन. सिस्टर, तुम्ही सुटलात." बाईंच्या आवाजात समाधान नव्हतं. "फक्त खोटं एका माणसापुरतं राहिलं नाही."

डॉक्टर उठले. "त्यांना सांगायला हवं. मीच सांगतो."

"काय काय सांगणार?" बाईंनी विचारलं.

डॉक्टर बॅग उचलून निघाले होते.

मास्तर मोठ्यांच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. आत डॉक्टर पलंगाच्या कडेवर बसले आणि आजाराचं नाव घेऊन सगळं सांगितलं. मोठे टेलर ऐकत राहिले.

"वाटलंच होतं," ते म्हणाले. "कपडे ढिले होत चाललेले शिंप्याला कळत नाहीत होय? पोरीसाठी गप्प होतो." मग त्यांनी बशीकडे पाहिलं. "मग या गोळ्या कशाच्या?"

डॉक्टरांनी खाली मान घातली. आता खोटं बोलायचं नाही, असं ते स्वतःशी ठरवून आले होते. त्यांनी सांगितलं. धाकटे लेकीकडे गेलेले नाहीत, हेही सांगितलं.

मोठ्या टेलरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते, आवाज मात्र नव्हता. मुलगी त्यांच्या पायाशी बसली आणि तिने त्यांचे पाय धरून ठेवले.

"पहिलं आधीच सांगायचं होतंत, डॉक्टर," भिंतीकडेच तोंड ठेवून ते म्हणाले. "हे नसतं सांगितलंत तरी चाललं असतं."

डॉक्टरांना बसवेना आणि उठवेना.

"धाकट्याकडच्या वहिनींना बोलवा," टेलर म्हणाले. "तो कशाने गेला हे त्यांना अजून कोणी सांगितलं नसेल तर सांगू नका. मी सांगतो. तुम्हा लोकांना नीट सांगता येत नाही."