रक्तकुलुपातला राखाडी तुकडा

"खरं सांगा, हे कुलूप बसवलं तेव्हा तुम्ही गरोदर होतात ना?"

कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत डॉ. शमा मुजावरांनी विचारलं, तशी केतकीने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई मांडीवरच्या निमिषला थोपटण्यात एकदम गुंग.

"होते. पण तिसरा लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, म्हणून कुलूप बसवणाऱ्या तुमच्या माणसाला 'नाही' म्हटलं."

"दृष्ट लागू नये म्हणून हो," सासूबाई पुटपुटल्या.

"दृष्ट नाही लागली आजी, कुलूप लागलं!"

केतकीसमोर तिचं काडेपेटीएवढं कूटपाकीट होतं. तिची आभासी नाणी त्यात नव्हतीच, ती जगभरच्या संगणकांवर नोंदलेली. पाकिटात होती फक्त त्यांची किल्ली, आणि ती उघडायची मालकाच्या रक्ताच्या थेंबाने. चोराची काय बिशाद! पण आता ते मालकिणीच्या रक्तानेही उघडत नव्हतं. घराचा पहिला हप्ता आत अडकलेला, आणि दाद मागायला ना बँक, ना मॅनेजर. आणखी दोन प्रयत्न चुकले की पाकीट स्वतःला पुसून टाकणार.

"पोटातल्या बाळाचे जनुकांश आईच्या रक्तात फिरतात," शमा म्हणाल्या. "बाळंतपणानंतर नाहीसे होतात. पाकिटाने तुम्हा दोघांना मिळून एकच मालक धरलं."

"मग याचा थेंब मिसळला की झालं?"

"तेव्हाच्या प्रमाणात मिसळू."

टाच टोचताच निमिषने टाहो फोडला. त्याला उराशी धरून केतकी पडद्याकडे बघत राहिली. पट्टी हिरवी होत गेली. आधी तिचा भाग, मग बाळाचा. शेवटचा इवलासा तुकडा मात्र राखाडीच राहिला. दिवा लाल झाला.

शमांनी यंत्र पुन्हा तपासलं. मग खुर्ची जवळ ओढली.

"हा तुकडा आणखी एका बाळाचा आहे. जुळं होतं, केतकी. एखादा गर्भ सुरुवातीलाच विरून जातो. सोनोग्राफीआधी गेला तर कुणाला कळतही नाही."

"मुलगा की मुलगी?"

"ते आत कुलूपबंद आहे. पडद्यावर नुसतं जुळलं की नाही एवढंच दिसतं. तुम्हा नवराबायकोच्या जनुकांवरून त्या बाळाच्या जनुकठशाचा अंदाज बांधता येईल. एक प्रयत्न उरलाय. चुकला तर सगळंच पुसलं जाईल."

"तो ठसासुद्धा?"

"हो. दुसरीकडे कुठेच नाही तो."

निमिष हुंदके देत देत झोपला होता. केतकीने पाकिटाची वायर काढली.

"अगं, आणि घर?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"राहू अजून भाड्याच्या घरात, आई."

तिने पाकीट दुपट्यात गुंडाळलं आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवलं, दबणार नाही असं.