खिंडीतली ऊब

मे महिन्यात खिंडीत बर्फ पडतो म्हटलं की खालच्या बाजारातले लोक हसतात. हसू देत. त्यांच्या डोक्यावर पंखा फिरत असतो आणि पुढ्यात कलिंगड फोडलेलं असतं. आम्ही आइत अत्ता जमातीचे मेंढपाळ लोक हिवाळाभर सग्रोच्या काळ्या डोंगरांत, वाळवंटाच्या कडेला राहतो आणि उन्हाळा लागला की मेंढरं घेऊन वर चढतो. निघताना दगडांनी तळवे भाजतात, आणि चौथ्या दिवशी खिंडीत त्याच पायांची बोटं आहेत की गेली ते चाचपून बघावं लागतं.

तुम्ही उद्या खिंड ओलांडणार म्हणता, म्हणून सांगते. चहा घ्या आधी. यात माझी लाज आहे, तेव्हा मध्ये मध्ये माझ्या तोंडाकडे बघू नका, दिव्याकडे बघा.

सात वर्षं झाली. माझी हेन्नू तेव्हा पाच महिन्यांची होती, पाठीला बांधलेली. वरचं कुरण, ज्याला आम्ही अगदाल म्हणतो, ते वसंतभर बंद असतं. पंच सांगतील त्या दिवशी उघडतं. त्याआधी कुणाची एक शेळी जरी आत दिसली तरी सगळ्या पंचांना मेजवानी घालावी लागते. आणि उघडल्यावर जो पहिला पोचेल त्याची झऱ्याजवळची जागा. आदल्या वर्षी ती हद्दूच्या चुलतभावाने पटकावली होती आणि उन्हाळाभर मी पाठीवर पाणी वाहून वाकले होते. हद्दू म्हणजे माझा नवरा. माणूस भला, पण घाई म्हणून ठाऊक नाही.

"यंदा तरी बायकोला झऱ्यापाशी बसवा," मी म्हटलं. "की यंदाही लोकांच्या मेंढ्यांनी गढूळ केलेलं पाणी प्यायचं?"

"एवढा जड तंबू घेऊन पहिलं कसं पोचणार?"

"मग तंबू मागून येऊ दे. मे लागलाय. थंडी काय आता म्हातारीच्या हाडात तेवढी उरलीय."

"माझ्या हाडांचं नाव घेऊ नकोस हं, तूदा," यामना तंबूतून ओरडली. यामना माझी सासू, हद्दूची आई.

अशी माझी जीभ. बकरीच्या केसांचा काळा तंबू, जाड घोंगड्या, सरपण, सगळं दिरांच्या खेचरांवर मागे राहिलं. आम्ही एक पातळ चादर, भाकरी, खजूर आणि चहाची किटली घेऊन पुढे निघालो. असली चूक आमचेच लोक करतात. खालच्या लोकांना कुठे ठाऊक असतं की झऱ्याकाठच्या चार हात जागेसाठी माणूस काय काय मागे टाकतो!

खिंडीत पोचलो तर आदल्या रात्रीचा पातळ बर्फ पडलेला आणि त्यावर ऊन असं तळपत होतं की डोळे उघडवेनात. मी पदर पुढे ओढला. यामना हट्टी, तशीच चालली. दोन तासांत तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि दिसेनासं झालं. बर्फाच्या चकाकीने डोळे भाजतात, दोन दिवसांनी बरे होतात. मी तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. तेवढ्यात ढग आले. भर दुपारी ऊन विझलं आणि वारा सुटला.

"मी मेंढरं खाली घळीत घालून येतो," हद्दू म्हणाला. "तुम्ही त्या खोपटात बसा. आलोच."

तो आला नाही. तो वाटेला लागतो न लागतो तोच बर्फ सुरू झाला, आणि माझ्या हाताची बोटं मला दिसेनाशी झाली.

खोपट म्हणजे धनगरांनी रचलेल्या चार दगडी भिंती, वर फांद्या आणि माती. दाराच्या जागी भोक. त्यावर मी आमची चादर टांगली. आत सापडलेली काटेरी झुडपं पेटवायला घेतली, पण ती ओली, नुसता धूर. उजेड होता, म्हणजे दिवस होताच. पण कसला तो उजेड! पांढुरका, कुठूनही न येणारा, सावली न पाडणारा. अंधारात माणूस निदान डोळे मिटून बसतो. या उजेडात डोळे मिटले तरी पांढरंच दिसत होतं.

हेन्नू रडत होती. मी तिला कपड्यांच्या आत, अंगाला लावून धरलं होतं. मग ती रडायची थांबली.

"झोपली का गं?" यामनाने विचारलं.

"हो."

"पाय बघ तिचे."

मी पाय बघितले. ओल्या दगडासारखे लागले. ओठ जांभळे झाले होते. गार हवेत मूल रडतंय तोवर बरं असतं, हे मला सांगायला नको होतं. मी तिला चोळलं, गालांवर फुंकर मारली, तिचं नाव घेऊन हलवलं. पण माझ्याच अंगात ऊब नव्हती, तिला कुठून देणार?

"इट्टो असती तर खाली जाऊन हद्दूला घेऊन आली असती," यामना पुटपुटली. "माझी शिवण... माझ्याच शिवणीने खाल्लं तिला."

आता लाजेची गोष्ट. इट्टो माझी नणंद. आदल्या शरदात आम्ही वरून खाली, सग्रोकडे उतरत होतो तेव्हा ती अशक्त शेळ्या घेऊन सगळ्यांत मागे होती. आमच्यात रीत आहे. मागच्या माणसासाठी वाट फुटते तिथल्या दगडांच्या राशीवर पुढच्याने पाण्याची पखाल टांगून ठेवायची. ती पखाल टांगायचं काम माझ्याकडे होतं. सप्टेंबर सरला होता तरी वरून नुसती आग होती. मला सहावा महिना. सकाळीच इट्टोचं आणि माझं भांडण झालेलं, कशावरून ते आठवतही नाही. मी दगडांपाशी बसले आणि तिच्या वाटणीचं पाणी प्याले. उरलेलं डोक्यावर ओतून घेतलं. म्हटलं, पुढे विहीर आहे, मरत नाही ती. रिकामी पखाल टांगली आणि निघाले.

विहीर आटली होती. इट्टो दुसऱ्या दिवशी सापडली, दगडांपासून हाकेच्या अंतरावर. तोंडात वाळू होती. मी सगळ्यांना सांगितलं, पखालीची शिवण उसवली होती. ती पखाल यामनाने शिवलेली. लेकीला आपणच मारलं असं समजून म्हातारी तो हिवाळाभर सुई हातात धरत नव्हती, आणि मी गप्प होते.

यामना बोलायची थांबली तेव्हा चादर हलली. वाऱ्याने नाही. वारा पडला होता. कुणीतरी ती हाताने बाजूला केली आणि एक बाई वाकून आत आली.

पहिल्यांदा वास आला. तापलेल्या दगडाचा, धुळीचा, दुपारच्या सग्रोचा. मग धग आली. चुलीपुढे तोंड न्यावं तशी धग, आणि ती त्या बाईच्या अंगातून येत होती. छपराला लागलेला बर्फ टपटप गळायला लागला.

"कोण गं?" यामनाने डोळ्यांवरचं फडकं चाचपलं, पण काढलं नाही. मग तिची तिलाच रीत आठवली. पाहुण्याला तीन दिवस नाव विचारायचं नसतं. "ये बाई, देवाची पाहुणी तू. बस. द्यायला काही नाही आमच्याकडे... लेकरू आहे गारठलेलं."

बाई बसली. मला नाव विचारायची गरज नव्हती. सहा वर्षं आम्ही एका ताटात जेवलो होतो. ओठ फुटून काळे पडले होते, पापण्यांवर धूळ. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मला वाटतं राग असता तर बरं झालं असतं.

तिने दोन्ही हात पुढे केले. लेकरू मागत होती.

छातीशी माझी पोर होती, एकेक श्वास इतका लांबवत होती की मध्ये मला वाटायचं, झालं. आणि समोर ती, जिला मी मारलं होतं.

"दे की गं," यामना म्हणाली. "केवढी ऊब आहे बाईच्या अंगात... ताप असेल. पण दे. आपण दोघी तर मढ्यासारख्या गार पडलोय."

मी दिली. काय करणार होते? तुमच्या हातात तुमचं मूल मरत असतं तर तुम्हीही दिलं असतं.

तिने हेन्नूला मांडीवर घेतलं. थोड्या वेळाने जांभळे ओठ गुलाबी झाले. हेन्नूने हात हलवला, जांभई दिली आणि रडली. चांगलं खणखणीत रडली. मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम.

"आण आता," मी हात पुढे केले.

तिने दिलं नाही.

पोरीचे गाल लाल झाले. मग फार लाल झाले. कपाळावर घाम आला आणि आल्या आल्या वाळला. रडण्यातला आवाज गेला, नुसतं तोंड उघडं राहिलं. ओठांवर पापुद्रा धरला. बाहेर बर्फ गुडघ्याएवढा चढला होता आणि माझं लेकरू माझ्यासमोर तहानेने सुकत होतं.

"दे ना... वन्सं, दे..." माझ्या तोंडून निघून गेलं.

यामनाची मान वळली. "वन्सं कुणाला म्हणतेस?"

मी बाहेरचा बर्फ मुठीत घेऊन पोरीच्या ओठाला लावायला गेले. हात जवळ नेईपर्यंत मुठीत काही उरलं नाही. दुसऱ्यांदा गेले, तेच. तिसऱ्यांदा मी तिच्या पायाशी पडले. ती आता माझ्याकडे बघत नव्हती. ती आपल्या आईकडे बघत होती, त्या शिवणाऱ्या हातांकडे. तेव्हा मला कळलं.

"आत्या," मी म्हटलं, "शिवण उसवली नव्हती."

मी मान खाली घातली.

"पाणी मी प्याले. उरलेलं डोक्यावर ओतलं. तुमच्या पखालीत काही खोट नव्हती... मी खोटं बोलले. इट्टोला मी मारलं."

छपराचं गळणं थांबलं. मी मान वर केली तेव्हा पोर माझ्या मांडीवर होती, झोपलेली. खोपटात आम्ही तिघीच होतो. चादर जशीच्या तशी टांगलेली, तिच्या खालच्या कडेला बर्फ साचलेला, अजिबात न मोडलेला.

संध्याकाळच्या आत ढग फाटले आणि हद्दू छातीभर बर्फ तुडवत आला. आम्हाला जिवंत बघून तो दारातच खाली बसला. "तुमच्या हट्टापायी..." एवढंच म्हणाला आणि लेकीला कुशीत घेऊन रडला. झऱ्याजवळची जागा त्या वर्षीही चुलतभावालाच मिळाली.

यामनाने ते ऐकलं की नाही, मला आजवर ठाऊक नाही. तिने मला कधी विचारलं नाही, कधी टाकून बोलली नाही. दोन दिवसांनी डोळे सुधारले, तेव्हा तिने हेन्नूला मांडीवर घेतलं आणि फार वेळ न्याहाळलं. मग मला परत दिलं. त्यानंतर तिने पोरीला कधी उचललं नाही. मी म्हणायचे, म्हातारी माझ्यावरचा राग पोरीवर काढते. काढू दे, माझ्या पापाच्या मानाने हे स्वस्तच आहे.

हेन्नू वाढली. गुणी आहे, कमी बोलते. शरदात आम्ही खाली उतरतो तेव्हा ती मागे रेंगाळते, म्हणून मी तिचा हात सोडत नाही. गेल्या शरदातही नाही सोडला. सग्रोला पोचलो तेव्हा दुपार होती, दगडाला हात लावला तर चटका बसावा असं ऊन. यामना आधी पोचून तंबूच्या तोंडाशी उभी होती. म्हातारीची नजर अजून घारीची आहे, पलीकडच्या टेकडीवरचं बोकड कुणाचं ते इथून सांगते. तिने कपाळावर हात धरून आमच्या मागे, आम्ही आलो त्या वाटेकडे बघितलं.

"तूदा," ती म्हणाली, "हेन्नूला एकटी का सोडलीस एवढ्या मागे?"

मी वळून बघितलं नाही. खाली बघायचाही मला धीर झाला नाही. एवढ्या उन्हात माझ्या हातातला तो लहानसा हात ओल्या दगडासारखा गार होता, आणि त्याने माझी बोटं घट्ट धरली होती.