लांडग्याची बहीण

“खोटं असतं ते सगळं,” थोरली म्हणाली, आणि म्हणताना तिने हातातल्या अभ्र्याची घडी मोडून पुन्हा घातली, कारण भावाच्या तोंडाकडे बघायची तिची छाती होत नव्हती. “ठरवून पडायचं, ठरवून उठायचं. लहान होतो तोवर ठीक होतं. आता मला तिथे बसून आरडाओरडा करायची लाज वाटते.”

धाकटा बॅग घेऊन दारात उभा होता. आतल्या खाटेवर आई डोळे मिटून पडली होती. कामावर असताना तिची उजवी बाजू लुळी पडली, त्याला अजून महिनासुद्धा झाला नव्हता.

“तुला लाज वाटते?” त्याने विचारलं. “ताई, तुला?”

ती हो म्हणाली.  तो बॅग खांद्याला लावून जिना उतरला आणि एकदाही मागे न बघता गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला; आणि मग थोरलीने तो अभ्रा दातांत घट्ट धरला, कारण आईला हुंदका ऐकू जाता कामा नव्हता... पण आईने ऐकायचं ते ऐकलंच होतं. जड जिभेने ती म्हणाली, “का गं बोललीस तसं?” थोरलीने तिच्या पायांवर हात ठेवून तिला शपथ घातली, त्याला यातलं कधी काही कळू द्यायचं नाही म्हणून.

कारण ज्याला ती खोटं म्हणाली होती, तेच तर त्या दोघांचं सगळं बालपण होतं!

आई मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. शनिवारी तिची पाळी संध्याकाळपर्यंत चाले आणि घरी मुलांकडे बघणारं कुणी नव्हतं. वडील धाकट्याला आठवतही नव्हते. धुलाईघरासमोरच एक जुनं गोदाम होतं, आणि दर शनिवारी तिथे दोरांची रिंग बांधून कुस्त्यांचा खेळ व्हायचा. मुखवटे, झगमगीत चड्ड्या, भोंग्यावरून नावं पुकारणारा माणूस. दारावरचा खुर्च्यावाला आईच्या ओळखीचा. तो दोघांना मागच्या रांगेत बसवून द्यायचा आणि शेंगदाण्याची पुडी हातात ठेवून दम भरायचा, जागचे हलाल तर याद राखा.

हलतात कसले! पहिल्याच शनिवारी पांढऱ्या मुखवट्याच्या, तुफान नावाच्या पैलवानाने वरच्या दोरावरून उडी घेतली आणि ती दोघं खुर्चीवर उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडली. त्यानंतर आठवड्याचे बाकीचे वार नुसते शनिवारची वाट बघण्यासाठी उरले. भिंतीवर त्यांनी जाहिराती चिकटवल्या. कोण कुठल्या गावचा, कुणाचं कुणाशी वैर, कुणी कुणाला दगा दिला, हे पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ. घरी गाद्या जमिनीवर ओढून कपाटावरून उड्या, आणि खालच्या मजल्यावरच्या मावशी झाडूच्या दांड्याने छताला ढुशा देऊन देऊन थकायच्या. तुफान व्हायचं ते धाकट्यानेच, त्यावर वादच नसे. थोरली मुकाट खलनायक व्हायची, दात विचकायची, हरायची, पण हरताना ती अशी पडायची की धाकटा क्षणभर घाबरून विचारायचा, “ताई, उठतेस ना?”

मोठेपणी ते वेड ओसरलं नाही, उलट वाढलं. खेळाचे मास्तर, म्हणजे एके काळचे नामी पैलवान आणि आता नव्या पोरांना तयार करणारे गृहस्थ, एकदा गोदामात नवी माणसं निवडायला आले. दोघं गेली. मास्तरांनी धाकट्याला घेतलं ते घेतलंच, पण थोरलीला बाजूला बोलावून ते म्हणाले होते की तू पडलीस तेव्हा मी जागेवरून उठलो. पोरी, हे शिकवून येत नाही. दोघांनाही दोन वर्षं दूरच्या शहरात राहून शिकायचं होतं. त्या दिवशी बहीणभाऊ घरी चालत आली नाहीत, नाचत आली.

आणि निघायच्या तोंडावर आई पडली.

धाकट्याने पहिल्या फटक्यालाच सांगून टाकलं: ताई जाणार नसेल तर मीही जाणार नाही. मी चादरी उचलीन, मी आईचं करीन. त्याला समजावून झालं, रागावून झालं. तो ढिम्म.  दिवसभर थोरली या खोलीतून त्या खोलीत नुसती येरझारा घालायची. जन्मभर हा आपल्यापायी इस्त्रीच्या वाफेत उभा राहणार... आणि मग तिला कळून चुकलं की त्याला घराबाहेर काढायचा एकच मार्ग आहे. त्याचं मन मोडायचं. आणि ते कुठे मोडतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

वर्षं गेली. आईची जागा थोरलीने धुलाईघरात घेतली आणि घरातही घेतली. एक स्थळ येऊन गेलं. आई बरोबर येईल म्हटल्यावर त्यांनी परत पाऊल टाकलं नाही. धाकटा आईला भेटायला यायचा, पण नेमका थोरली कामावर असताना. ती घरी आली की मोरीत एक जास्तीची कपबशी धुऊन पालथी घातलेली असायची. आई नजर चुकवायची. थोरली ती कपबशी पुन्हा एकदा धुवायची, उगाचच, आणि मग खिडकीशी जाऊन उभी राहायची, जणू तो अजून वळणावर दिसणारच होता.

धाकटा तुफान झालाच नाही. मास्तरांनी त्याला लांडगा केलं. राखाडी मुखवटा, अंगावर फाटकं कातडं. गावोगावी लोक त्याची हुर्यो उडवायचे, कागदाचे बोळे फेकायचे. वर्षातून दोन-चारदा त्याचा खेळ गोदामात असे, आणि त्या संध्याकाळी थोरली डोक्यावरून ओढणी घेऊन मागच्या रांगेतल्या खांबाआड बसायची. खुर्च्यावाला, आता म्हातारा झालेला, ओळखायचा आणि गप्प राहायचा. रिंगमध्ये आल्या आल्या लांडगा दोर धरून लोकांवर गरजायचा, “खोटं म्हणता ना हे? कोण म्हणालं खोटं? या, वर या!” गोदाम चवताळून उठायचं. आणि खांबाआडची बाई ओढणीचा बोळा तोंडाशी धरायची, कारण ते आव्हान कुणाला आहे हे त्या गर्दीत तिला एकटीलाच ठाऊक असायचं. आपण दिलेलं विष हा पोरगा अजून ओकतोय... देवा, मी याला काय करून ठेवलं?

असाच एक शनिवार. लांडगा वरच्या दोरावर चढला, समोरच्या तरण्याताठ्या नायकाने त्याला धक्का दिला, आणि तो रिंगच्या आत न पडता बाहेर, लाकडी कठड्यावर आदळून खाली फरशीवर गेला. गोदामात हशा पिकला. शिट्ट्या, बोळे, “ऊठ रे लांडग्या, नाटकं नकोत!” पंचालाही वाटलं, चाललाय खेळ. नायक तर दोरावरून त्याच्यावर उडी घ्यायच्या तयारीत उभा.

थोरली मात्र उभी राहिली होती. लहानपणी खोटं खोटं लागलं की धाकटा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा विव्हळायचा. खरोखर लागलं की त्याचा आवाजच जायचा. आणि आत्ता तो गप्प होता.

तिची ओढणी कुठे गळाली तिला कळलं नाही. खुर्च्या लोटत ती पुढे धावली, कठडा ओलांडला, आणि पडलेल्या भावाच्या आणि वरून उडी घ्यायला टपलेल्या त्या पहिलवानाच्या मध्ये हात पसरून उभी राहिली.

“खबरदार,” ती म्हणाली. “खरंच लागलंय त्याला.”

लोकांना वाटलं, हाही खेळातलाच डाव! कुणीतरी ओरडलं, “लांडग्याची बायको आली रे!” आणि अख्ख्या गोदामाने तिची हुर्यो उडवली. कागदाचा बोळा तिच्या गालावर बसला. तिने तो पुसलाही नाही.

“बहीण आहे मी त्याची,” ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून दोरावरचा तो पहिलवान हळूच खाली उतरला. मग पंच धावला. तिने कुणालाही त्याची मान हलवू दिली नाही. जमिनीवर पालथी होऊन तिने दोन्ही तळहातांत ते मुखवट्यातलं डोकं धरून ठेवलं, रुग्णवाहिका येईपर्यंत.

मानेचं हाड थोडक्यात वाचलं होतं. खांदा मात्र पार निखळला होता आणि गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती वॉर्डात गेली तेव्हा खाटेवरची चादर तिनेच कधीतरी इस्त्री केलेली असणार, असं काहीतरी भलतंच तिच्या मनात आलं. खुर्च्यावाला आधीच येऊन गेला होता. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्याने धाकट्याला सांगून टाकलं होतं: खांब, ओढणी, एकही खेळ न चुकवणं.

धाकट्याच्या गळ्याभोवती पट्टा होता, मान वळवता येत नव्हती. तो छताकडे बघूनच बोलला.

“लाज वाटायची ना तुला?”

थोरली उभीच राहिली. 

“तू थांबला असतास,” ती म्हणाली. “माझ्यासाठी सगळं सोडलं असतंस.”

“मग? सोडलं असतं. माझं होतं ते सोडायला. तू मला विचारलंस का, ताई? सगळ्या जगाने तोंडावर थुंकलं असतं तरी चाललं असतं मला. एक माणूस हवं होतं, ज्याला हे खरं वाटतं. तेवढं एकच तू काढून घेतलंस... आणि वर मागच्या रांगेत बसून रडलीस. मी रिंगमध्ये, तू खांबाआड. काय मिळालं गं?”

इतकी वर्षं थोरलीला वाटत होतं, झीज झाली ती आपली एकटीची. आपण जळलो, पण तो उजळला. त्या क्षणी प्रथमच तिला उमगलं की तिच्या त्यागाची अर्धी किंमत या पोराने मोजली होती, न विचारता, न कळता.  ती खाटेच्या कडेला बसली आणि त्याच्या चांगल्या हातावर कपाळ टेकवून म्हणाली,

“चुकले रे छोट्या. तुझ्या वाटचं मीच ठरवून बसले.”

 त्याच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळत होतं आणि त्याचा चांगला हात तिने धरून ठेवला होता, म्हणून तिनेच ते पुसलं.

“एक सांग,” शेवटी तो म्हणाला. “काल तुझी हुर्यो उडवली सगळ्यांनी. कशी वाटली?”

थोरलीने विचार केला. मग खरं ते सांगितलं. “गोड वाटली.”

तो हसला, आणि हसताना हाड दुखून कळवळला, आणि ती रागावली, हसू नकोस म्हणून.

धाकटा घरी आला. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की पुन्हा रिंग नाही. कितीतरी दिवस तो पिंजऱ्यात कोंडल्यासारखा फिरत राहिला, आईवर ओरडला, थोरलीवर ओरडला, एकदा ताट सरकवून उठून गेला. ती त्याला समजवायला गेली नाही. ते तिने आता सोडलं होतं. तिने फक्त विचारलं, तुझ्या मनात काय आहे? ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. मग मास्तर येऊन गेले. नव्या पोरांना पडायला शिकवणारं कुणीतरी त्यांना हवं होतं. धाकटा म्हणाला, बघतो. थोरली या वेळी मध्ये पडली नाही.

आणि त्यानंतरच्या शनिवारी तोच म्हणाला की चला. चाकांच्या खुर्चीत आईला घेऊन तिघं गोदामात गेली. खुर्च्यावाल्याने त्यांना पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. पट्ट्यातल्या माणसाला कुणी ओळखलं नाही. दिवे मालवले, भोंगा खरखरला, आणि रिंगमध्ये दोन नव्या मुली उतरल्या, एक निळ्या मुखवट्याची, एक काळ्या. थोडा वेळ थोरली मांडीवर हात घेऊन शहाण्यासारखी बसली. मग निळी दोरावर चढली, आणि थोरली खुर्चीवर उभी राहून अशी काही ओरडली की आईने लुळ्या तोंडाने खुदकन हसून तिची ओढणी धरली.

पुढचा डाव कुठला पडणार, कोण जिंकणार, धाकट्याला सगळं ठाऊक होतं; त्या मुलींना त्याने सकाळीच मास्तरांकडे सराव करताना पाहिलं होतं. तो सांगायला म्हणून बहिणीच्या बाजूला झुकला.

तिने रिंगवरची नजर न काढता त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“सांगू नकोस,” ती म्हणाली. “मला बघू दे.”