दहा बोटं, एकच अंगठा

सोलापूरच्या त्वचा-प्रयोगशाळेत डॉ. नजमा मुजावर खुर्चीत बसल्याबसल्या पेंगत होत्या. दुसऱ्या डॉक्टरची जागा कधीची रिकामी. त्यामुळे ओपीडी त्यांचीच, संशोधनही त्यांचंच, आणि रजा म्हणाल तर कुणाचीच नाही.

"मॅडम, उठा की! माझी बोटं उघडायचीत."

विजूमावशी बांगड्या भरायच्या. एचआयव्हीनं अंगातले पहारेकरी कमी केलेले, त्यामुळे बोटांवरच्या चामखिळी कितीही जाळल्या तरी पुन्हा उगवायच्या. गोळ्यांवर तब्येत टिकून होती, पण असल्या हातात आपला हात कोण देणार? धंदा पार बसला होता.

डॉक्टरांनी पट्ट्या सोडल्या. दहाही बोटं लख्ख!

"अगं बाई, नव्या नवरीची बोटं की ही!" मावशी हरखल्या.

गोळ्यांचं यंत्र तपासायला आलेला इंजिनियर बसवराज वाकून बघू लागला. "हे मलम नेमकं करतं काय?"

"आधी त्यातलं आम्ल चामखिळीसकट वरची कातडी काढतं. मग उरलेलं रेखामलम नव्या पेशींना रेघा आखायला शिकवतं. रेघा नसल्या तर बोट गुळगुळीत, बांगडी निसटायची."

"म्हणजे ठसा बदलला? मॅडम, आमचं यंत्र ठसा बघूनच गोळ्या देतं, तुमची हजेरीही तेच लावतं!"

मावशींचं हसू मावळलं. "डबीत उद्यापुरत्याच गोळ्या आहेत हो."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. गोळी चुकवू नका, गोळी चुकवू नका, म्हणून जन्मभर घसा कोरडा केला. आणि आता आपल्याच मलमानं गोळी बंद.

"लावून तर बघते," म्हणत मावशींनी यंत्रावर अंगठा टेकवला.

"नमस्कार, डॉ. मुजावर. आपली हजेरी लागली आहे. राखीव कप्पा उघडू का?"

बसवराज यंत्रावरून डॉक्टरांकडे वळला. "मॅडम, मलमातल्या रेघांच्या नमुन्याला ठसा कुणाचा घेतला होतात?"

"दुसऱ्याचा ठसा घ्यायच्या परवानगीचा कागद टेबलाटेबलावर फिरत होता. कंटाळले आणि माझाच अंगठा दिला."

मावशींनी करंगळी टेकवली. "नमस्कार, डॉ. मुजावर." मधलं बोट टेकवलं. "नमस्कार, डॉ. मुजावर."

"आयला! शाळेत नापास झाले आणि दहाही बोटांनी डॉक्टर!"

"हे मलम अजून कुणाला लावलंय?" बसवराजचा आवाज बारीक झाला.

डॉक्टरांनी नुसतं दाराकडे बोट केलं. बाहेरचा बाक पट्ट्या बांधलेल्या हातांनी भरला होता.

बसवराज डोकं खाजवत म्हणाला, "ठसा सोडून सगळ्यांची ओळख नव्यानं बसवावी लागेल. वेळ जाईल."

"जाऊ दे. तोवर गोळ्या मिळतायत ना?" मावशींनी कप्पा उघडला. डॉक्टरांनी नेहमीची बाटली त्यांच्या हातात दिली. मावशी मात्र हलल्या नाहीत. डॉक्टरांचे सुजलेले डोळे बघत राहिल्या.

"मॅडम, शेवटची रजा कधी घेतलीत?"

"आठवत नाही हो."

"मग उद्या घरी झोपा. हजेरी आम्ही लावतो. आळीपाळीनं."

रागवायला म्हणून डॉक्टरांनी तोंड उघडलं, पण बाहेर पडली ती जांभई.