पिना काढलेली पुस्तकं

बहिणीला लग्नानंतर नऊ वर्षांनी मूल झालं, तेव्हा मी सगळ्या नातेवाइकांना आधीच बजावून ठेवलं होतं, झबली-टोपडी पुरे झाली, चित्रांची पुस्तकं आणा. मी बाइंडिंगच्या कारखान्यात चोवीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे या विषयात माझ्यापुढे कुणाचं काही चालत नाही. पंधरा दिवसांत सतरा पुस्तकं जमली. ती सगळी आधी मी घरी नेली. अशा पुस्तकांना मधोमध तारेच्या पिना मारलेल्या असतात, आणि तान्ही मुलं पुस्तक बघतात कमी, चावतात जास्त. मी एकूण एक पिना काढल्या, दोऱ्याने शिवलं, कोपरे गोल कापले. चित्रं बघितली नाहीत. पानं मोजायची आणि पुढचं पुस्तक ओढायचं, हीच हाताची सवय.

बाळ मात्र महा रडकं निघालं. रडून लालबुंद व्हायचं म्हणून आम्ही त्याला टमाट्या म्हणायचो. बहिणीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, मेहुणे ऑफिसात बसल्या बसल्या पेंगायचे. मी रोज जेवणाच्या सुट्टीत एक चक्कर टाकायचे. एका दुपारी जिना चढतानाच जाणवलं, आज आवाज नाही.

"तुझी पुस्तकं लागू पडली, ताई," बहीण म्हणाली. "समोर धरलं की गप्प. हे अस्वलाचं तर फार आवडतं."

पाळण्याच्या कडेला पुस्तक उघडं उभं केलं होतं. पानावर एक अस्वलीण पिल्लाला मांडीवर घेऊन बसली होती. दुपट्यात गुंडाळलेला टमाट्या तिच्याकडे टक लावून बघत होता, आणि तीही त्याच्याकडे बघत होती. पिल्लू मांडीवर, पण मान वर.

कारखान्यात परतले तरी ती मान डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी बाकीची पुस्तकं चाळली. बदकीण पिल्लांच्या रांगेपुढे चालत होती, पण तोंड आमच्याकडे. हत्तिणीचंही तेच. चार दिवसांनी अस्वलिणीचा एक हात पिल्लावरून निघून पानाच्या कडेपाशी आला होता.

"हिचा हात आधी असा होता का गं?" मी विचारलं.

"असेल. मला इथे माझे हात कुठे आहेत ते कळत नाहीये."

मी दुकानात जाऊन त्याच तीन पुस्तकांच्या नव्या प्रती आणल्या. तीच आवृत्ती, तोच छापखाना. नव्या प्रतीत अस्वलीण खाली बघत होती, दोन्ही हात पिल्लाभोवती. मला भीती वाटली, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. छापलेली मान वळत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आमच्याकडे एखादं पान खराब निघालं तर पुस्तक टाकून देत नाहीत. शिवण उसवून तेवढं पान काढतात आणि चांगलं घालून पुन्हा शिवतात. मी तेच केलं. बदललेली पुस्तकं बहिणीकडे दिली. काढलेली तीन पानं फाडायला हात धजेना, म्हणून कारखान्यातल्या माझ्या खणात ठेवून कुलूप लावलं.

टमाट्याने दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. नव्या अस्वलिणीकडे तो ढुंकूनही बघेना.

"तू काहीतरी केलंस त्या पुस्तकाला," बहीण फोनवर म्हणाली. तिचा आवाज रडून बसला होता. "होतं तसं आणून दे. मी हात जोडते, ताई."

मी नाही म्हणाले. तिच्या भल्यासाठीच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेल्या गेल्या खण उघडला. तिन्ही पानं टेबलावर शेजारी शेजारी मांडली.

बदकीण आणि हत्तीण आता माझ्याकडे बघत नव्हत्या. दोघींच्या नजरा मधल्या पानाकडे होत्या.

मधल्या पानावर अस्वलीण पाठमोरी बसली होती. खांदे पुढे झुकलेले, मान खाली. पिल्लू मांडीवरून उतरून पानाच्या कोपऱ्यात एकटं उभं होतं, तोंड उघडं टाकून.

तिच्या कोपराखालून दुपट्याचं एक टोक लोंबत होतं.

मी रजा न सांगता निघाले. रिक्षात बसून बहिणीला फोन लावत राहिले. ती उचलत नव्हती.

दार तिनेच उघडलं. अंघोळ केलेली, केस विंचरलेले. कित्येक दिवसांनी ती हसत होती.

"हळू बोल. फोनचा आवाज मुद्दाम बंद ठेवलाय. सकाळपासून हूं नाही की चूं नाही."

"दूध प्यायला?"

"मागितलंच नाही."

पाळण्यात टमाट्या उताणा पडला होता. डोळे उघडे, ओठांवर हसू. गाल छान गुलाबी.

"किती गोड दिसतोय ना?" बहीण माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली.

अंगावर दुपटं नव्हतं.

मी अंगठा त्याच्या गालावरून फिरवला. तिथे पांढरा पट्टा उमटला. माझ्या अंगठ्याला गुलाबी शाई लागली होती, अजून ओली.