कोऱ्या खोलीतली हाक

अकोल्यात मार्च संपत आला की सकाळी दहाला भोंगा वाजायचा आणि संध्याकाळपर्यंत रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. सरकारी भाषेत त्याला 'उष्मा-संचारबंदी' म्हणत; लोक नुसतं घरबंदी म्हणत. नुपूरच्या पिढीला तिची सवय झाली होती. भोंग्याच्या आत भाजी आणायची, भोंग्याच्या आत बाळाला लस टोचून आणायची, मग पडदे ओढून बसायचं. पण साठी ओलांडलेल्या शरीरांना ही सवय होत नव्हती. दर उन्हाळ्यानंतर ओळखीपाळखीत दोन-चार माणसं कमी झालेली असत.

म्हणून घरोघरी एकच विषय होता, उत्तरवास. नॉर्वे, फिनलंडकडची थंड गावं माणसांअभावी ओस पडली होती. तिथली सरकारं उष्ण देशांतल्या निवृत्तांना बोलावून घर देत होती, दवाखाना देत होती. स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे, एवढीच अट. पूर्वी लोक मुलींच्या स्थळांची चौकशी करत, तशी आता गावांची करत. अमक्या गावात भात मिळतो का, तमक्या गावात आपली माणसं किती.

नुपूरची आई, वसुधा रसाळ, पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाली होती. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. नुपूरचा नवरा चिन्मय साताऱ्याकडे पवनचक्क्यांवर कामाला, पंधरवड्यातून एकदा येणारा. त्यामुळे नुपूर आठ महिन्यांच्या मिहिकाला घेऊन आईकडेच राहत होती. गेल्या मे महिन्यात भरदुपारी वीज गेली आणि आई बाथरूमच्या दारात कोसळली. मूत्रपिंडांनी उन्हाचा धसका घेतलाय, असं डॉक्टर म्हणाले. आणखी दोन-तीन उन्हाळे निघतील, पुढचं ते काही सांगेनात. त्या धास्तीने आता दुपारी आई आणि मिहिका शेजारी शेजारी झोपल्या की नुपूर आधी एकीच्या नाकाशी बोट धरायची, मग दुसरीच्या.

नॉर्वेतल्या हाल्विक नावाच्या गावाहून आईला होकार आला होता. आता अडसर एकच उरला होता, ठायस्मृतीचा.

आपण स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येतो आणि कशासाठी आलो तेच विसरतो. परत ओट्याशी जाऊन उभं राहिलं की झटकन आठवतं. हा अनुभव सगळ्यांचाच. शास्त्रज्ञांना त्यामागचं कारण सापडलं होतं. मेंदू आठवण अख्खी जपून ठेवत नाही. अर्धी स्वतःकडे ठेवतो आणि अर्धी जागेच्या हवाली करतो. दाराची कडी, जिन्याचं वळण, फडताळाचा वास, यांच्याकडे. जागेत ठेवलेली ही स्मृती म्हणजे ठायस्मृती. तरुण मेंदू जागा सुटली तर सगळं पुन्हा आत विणून घेतो. साठीनंतर ते विणकाम थांबतं. उत्तरवासाला गेलेल्या पहिल्या तुकडीतली धडधाकट माणसं वर्षभरात मुलांची नावं विसरली, तेव्हा हे उमगलं. मग नियम आला. आधी ठायांक मोजायचा, म्हणजे जागा काढून घेतली तर माणसाची किती आठवण ढासळेल ते पाहायचं. साठ टक्क्यांच्या वर गेला तर परवानगी नाही.

ठायांक मोजायचं केंद्र अमरावतीला होतं. तिथल्या डॉ. फरीदा बागवान बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी आईला एका पांढऱ्या, गोलसर खोलीत बसवलं. खोलीला कोपरे नव्हते, वास नव्हता, आवाज नव्हता. हिला आम्ही कोरी खोली म्हणतो, त्या म्हणाल्या. डोक्यावरची टोपी जागेचं भान ठेवणाऱ्या पेशींना काही मिनिटं शांत करते, मग माणूस जणू सगळं मागे टाकून परदेशी पोचतो. तेव्हा त्याला नावाने हाक मारायची. नाव हे दोऱ्याचं टोक. ते ओढलं की माणूस आपल्या आठवणींसकट वर येतो. किती वर येतो ते यंत्र मोजतं.

"दुखत नाही ना?" नुपूरने विचारलं.

"दुखत नाही. बाहेर बसून बघणाऱ्यांनाच काय तो त्रास होतो," डॉक्टर म्हणाल्या.

काचेपलीकडे ध्वनिक्षेपकातून हाक गेली. वसुधा. आईने "हो" म्हटलं आणि खुर्चीतून अर्धवट उठली. नुपूर मिहिकाला मांडीवर घेऊन बघत होती. तिला ते उठणं खटकलं. दारावरची बेल वाजल्यावर मनाविरुद्ध उठावं, तसं आई उठली होती. पुन्हा हाक, पुन्हा तेच. कुठे राहता, घरात कोण कोण, काहीच सांगता येईना. आई नुसती कसनुसं हसत होती.

ठायांक ब्याऐंशी आला. टोपी काढल्यावर आई घटकाभरात पहिल्यासारखी झाली. डॉक्टरांनी समजावलं, की वसुधाताई जवळजवळ पूर्ण त्या घरात आहेत. नेल्या तर रिकाम्या जातील.

परतीच्या गाडीत नुपूरला हायसं वाटलं. आई कुठे जात नाही, मिहिकाला आजी राहते. आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच तिला भीती वाटली, कारण खिडकीबाहेरच्या शेतांवर ऊन आतापासूनच पांढरं पडलं होतं.

चार दिवसांनी मलकापूरहून अवीमामाचा फोन आला. नुपूर बाळाला पेज भरवत होती, फोन स्पीकरवर होता.

"कशी आहेस पल्ले? जेवली का?"

आईचा आवाजच बदलला. माहेरची पल्लवी ती. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव रेखून पल्लवीची वसुधा झाली. सासूबाईंना नव्या धर्तीची नावं पसंत नव्हती. बहीणभाऊ तासभर खिदळत होते. शाळेच्या मागची भिंत कुठे खचली होती, कोणत्या पायरीवर मांजर व्यायली होती, गणिताच्या बाईंच्या चपलेचा अंगठा कसा तुटला, आई सगळं घडाघडा सांगत होती. आणि ते घर, ती शाळा रस्ता रुंद करताना जमीनदोस्त होऊन तीस वर्षं झाली होती.

नुपूरच्या हातातला चमचा तसाच राहिला. जागा नाही, तरी आठवण अख्खी. मग यंत्राने काय मोजलं? केंद्रात नाव विचारल्यावर आईने कागदपत्रांवरचं नाव सांगितलं होतं. सगळीकडे तेच सांगायची सवय. विचारणाऱ्यालाही, सांगणारीलाही आणि शेजारी बसलेल्या लेकीलाही दुसऱ्या नावाचं सुचलं नव्हतं.

हे कळूनही नुपूर गप्प राहिली. आठवडाभर ती घरात येरझाऱ्या घालत होती. पडदे तपासायची, आईच्या पायावर सूज आहे का बघायची, मिहिकाच्या हातातून प्लगची तार ओढून घ्यायची. सांगितलं तर आई जाईल. नाही सांगितलं तरी आई जाईलच, इथून, असल्याच एखाद्या दुपारी. शेवटी घरबंदीतच पुन्हा वीज गेली, आईचे ओठ कोरडे पडले, आणि ओल्या फडक्याने तिचं कपाळ पुसता पुसता नुपूरने सांगून टाकलं.

आईने फडकं स्वतःच्या हातात घेतलं. "मलाही नाही गं सुचलं," ती म्हणाली. "बघ ना, स्वतःचं नाव."

दुसऱ्या चाचणीला अवीमामाच्या आवाजातली हाक वापरली. पल्लवी. कोऱ्या खोलीतली बाई ताठ बसली, हसली आणि न विचारता बोलू लागली. नदी, वसतिगृह, नागपूरची पहिली नोकरी, पहिल्या पगारातून घेतलेला ड्रॉइंगचा सेट. ठायांक चौदा.

डॉ. बागवान आकड्याकडे पाहतच राहिल्या. मग नुपूरला म्हणाल्या, की हे यंत्र बनवणारे ज्या नावाने वाढतात त्याच नावाने मरतात, त्यांच्या हे ध्यानातच आलं नसणार. "तुमच्या आई तेविसाव्या वर्षी लग्न होऊन एकदा सगळं सोडून निघाल्या होत्या. तेव्हा मेंदू तरुण होता, त्याने सगळं आत विणून घेतलं. ते आता कुठेही नेता येतं. त्यांचा एक उत्तरवास आधीच झालाय म्हणा ना."

"म्हणजे परवानगी मिळेल?"

"मिळेल. पूर्ण माणूस उभं राहतंय. फक्त ते तेवीस वर्षांचं आहे."

नुपूरने मिहिकाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "आणि मी?"

"तुम्ही वसुधाताईंच्या आठवणीत आहात, नुपूर. आणि त्या घरात आहेत."

"तिसरं नाव राहिलंय की," नुपूर म्हणाली. "मी तिला वसुधा कुठे म्हणते? मी आई म्हणते."

डॉक्टरांनी आढेवेढे घेतले. नियमात ते बसत नव्हतं. पण आई म्हणाली, होऊन जाऊ दे. टोपी पुन्हा चढली. नुपूर ध्वनिक्षेपकाशी गेली आणि जितक्या मायेने म्हणता येईल तितक्या मायेने म्हणाली, "आई."

यंत्राच्या पडद्यावरची रेघ जराशी थरथरली आणि बसली. काचेपलीकडे आईने सौजन्याने मान वर केली. बँकेत भलत्याच कुणाचं नाव पुकारल्यावर आपण बघतो, तशी. नुपूरने पुन्हा हाक मारली, मग पुन्हा. तिचा आवाज चढत गेला, आणि त्याने घाबरून खांद्यावरची मिहिका रडू लागली. अजून धड शब्द फुटले नव्हते तिला, नुसतं आ, आ.

रेघ उसळून वर गेली. आई उठून उभी होती, हात पुढे पसरून. "आले गं नुपूर, आले," ती म्हणत होती, आणि गुळगुळीत भिंतीवर दार चाचपत होती.

त्यावर डॉक्टर हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, की आई ही हाक त्यांच्याकडे लहान मुलाच्या आवाजात जपलेली आहे. जागेची गरज नाही तिला. तिथे गेल्यावर त्यांना मुलगी असेल. ती तुम्ही असाल की नाही, ते मला सांगता येणार नाही.

घरी आल्यावर नुपूरने आईपासून काही लपवलं नाही. तसं करून चालणारही नव्हतं. आईने मिहिकाला पाळण्यात घातलं आणि झोके देत राहिली.

"तू सांग," नुपूर म्हणाली. "राहा म्हटलं तर तुला मरायला ठेवून घेतल्यासारखं होतं. जा म्हटलं तर..."

"मला जायचंय गं," आई म्हणाली. पाळण्याची दोरी तिने थांबवली नाही. "उन्हाला भिऊन म्हणशील तर आहेच. पण त्या खोलीत पल्लवी म्हणाले ना, तेव्हा मला अकोला आठवत नव्हतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. इतकं हलकं कधी वाटलं होतं, सांगता येणार नाही. आता हे तुझ्याजवळ बोलू नये खरं. पण कुणाजवळ बोलू?"

नुपूरला राग आला. तो दोन दिवस टिकला. मग तिने आईसाठी लोकरीचे मोजे मागवले.

जायच्या आधीचे महिने तिने आपल्यालाच नव्या नावात बसवायचा प्रयत्न केला. डॉक्टर म्हणाल्या होत्या, पल्लवी म्हणून हाक मारत राहिलात तर ओळख नव्याने रुजेलही थोडी. पण जन्मदात्रीला नावाने हाक मारायला जीभ वळेना. एकदा कशीबशी मारली, तर दोघी लाजल्या, आई पदरात तोंड घालून हसत सुटली, आणि तो विषय तिथेच राहिला.

ऑक्टोबरात आई गेली. सुरुवातीला रोज फोन यायचा. बर्फ कसा करकरतो, शेजारची बाई माशांचं कसलंसं कालवण देते, डॉक्टर म्हणतात मूत्रपिंडं सुधारताहेत. मग अकोल्याची चौकशी कमी होत गेली. मग चिन्मयचं नाव यायचं थांबलं. नुपूर तिला घराचे फोटो पाठवायची. छान आहे घर, आई म्हणायची, कुणाचं आहे?

फेब्रुवारीतल्या एका दुपारी फोनच्या पडद्यावर आई आली. गाल भरले होते, डोळे स्वच्छ. मागून कुणीतरी "पाल्लावी" अशी हेलकावे घेत हाक मारून गेलं आणि तिने वळून हात हलवला. नुपूरने मिहिकाला उचलून समोर धरलं. मिहिका आता बोलू लागली होती. कुणाला उद्देशून कोण जाणे, ती मोठ्याने म्हणाली, "आई."

"नुपूर!" आईचा चेहरा असा फुलला की नुपूर क्षणभर स्वतःच हसली. "अगं माझं सोनं ते. किती दात आले बघू?" ती मिहिकाशी बोलत राहिली, बोटं नाचवत राहिली. मग तिची नजर वर सरकली, नुपूरच्या चेहऱ्यावर थांबली. तिने खांद्यावरची शाल सारखी केली, अनोळखी माणसासमोर करावी तशी.

"तुम्ही सांभाळता का हिला?"

नुपूरच्या ओठांशी सगळं आलं होतं. समोरची बाई ठणठणीत होती, हसरी होती. खरं सांगितलं तर ते हसू जाणार होतं, आणि उद्या पुन्हा हेच सांगावं लागणार होतं.

"हो," ती म्हणाली. "मीच सांभाळते."

"छान ठेवलंत हो. अंग कसं भरलंय." आई पडद्याच्या अगदी जवळ आली. "फार उपकार झाले तुमचे. आता थोडेच दिवस. मी येतेय तिला न्यायला."

नुपूरने मान डोलावली. आणि मिहिकाला पडद्यापासून हळूच मागे ओढून घेतलं.