दीड फुटाचं स्टेज

"थांबा मॅडम, उचलून घेतो," म्हणत तो दोन्ही हात पुढे करून आलाच.

"मी काय गव्हाचं पोतं हावो?" दीपमालानं व्हीलचेअरचा ब्रेक दाबला.

तेल्हाऱ्याच्या मैदानावर भर दुपारी झालेली ही त्यांची पहिली भेट. दिव्यांगांच्या मेळाव्याची आखणी आणि सूत्रसंचालन दीपमालाकडे, म्हणून ती अकोल्याहून जागा बघायला आली होती. तो कुलदीप, मंडपवाला. गडी देखणा, पण भारी घाईचा.

"स्टेज किती उंच?"

"चार फूट, सहा पायऱ्या. एकदम शाही!"

"मेळावा दिव्यांगांचा, अन् स्टेजले सहा पायऱ्या? वा रे वा!"

कुलदीप कान खाजवत हसला. दीपमाला मात्र हसली नाही. मागच्या वर्षी अमरावतीला चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून स्टेजवर ठेवलं होतं. ओढणी चाकात, कुणाचा हात कुठे... आणि वरून लोकांच्या टाळ्या! त्या टाळ्या तिला अजून झोंबत होत्या.

"माझी मी चढली तर बोलीन," तिनं सांगून टाकलं. "नाही तर सरळ घरी जाईन."

त्यानं खिशातून टेप काढला. "एका फुटाले उतार किती लांब पायजे?"

"बारा फूट."

"मंग स्टेजच खाली आणतो. दीड फूट. अठरा फुटांचा उतार बसते इथं."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्याचा फोन. चाकाच्या खुर्च्यांना जागा मागं नाही, रांगेच्या मधात ठेवली. खुणांच्या भाषेत सांगणाऱ्या बाईंसाठी वेगळा लाइट ठेवला. एकदा तर म्हणाला, "संडासाचं दार मोजलं. तुमची खुर्ची आरामात जाते." आता प्रेमकथेत संडास कुठून आला म्हणाल, पण खरं सांगते, ते ऐकून दीपमाला चक्क लाजली.

"थँक्यू, कुलदीपभाऊ."

"भाऊ नोका म्हणू..."

"काहून? अख्खा तेल्हारा म्हणते."

"अख्ख्या तेल्हाऱ्याले मी रोज फोन करतो काय?"

मेळाव्याचे अध्यक्ष नत्थुजी मात्र तापले. "एवढं बुटकं स्टेज? पाहुणे दिसतीन तरी काय? पुढच्या वर्षी मंडप दुसऱ्याचा!"

"चालीन," कुलदीप म्हणाला आणि स्टेज दीड फुटाचंच बांधलं.

पण मंडपवाल्याचा हात तो! मोकळी फळी दिसली की त्यावर गालिचा अंथरल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मेळाव्याच्या सकाळी उतारावर मऊमऊ हिरवा गालिचा. दीपमाला अर्ध्यात पोचली आणि गालिचा गोळा होऊन चाकं रुतली. पुढे सरकेना, मागे येईना. समोर पाचशे माणसं.

"अरे, उचला रे ताईले!" नत्थुजी ओरडले. चौघं धावले.

दीपमालानं दोन्ही चाकं घट्ट धरली. "नको! मी घरी जाते—"

"कोणी हात लावाचा नाही!" कुलदीप मधे उभा राहिला. मग खाली बसून त्यानं नवाकोरा गालिचा टराटरा कापायला घेतला. मान वर न करता म्हणाला, "चुकलो मी. शोभा पायली, चाक नाही पायलं. पाच मिनटं द्या... जाऊ नोका."

ती थांबली. फळी मोकळी झाली. मग ती चढली, एकटी. दंड भरून आले, श्वास फुलला, पण चढली. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. पहिल्या रांगेतल्या शकुनआजी तेवढ्या म्हणाल्या, "बोल वं माय, आयकून राहिलो आमी."

आणि दीपमाला बोलली. दोन तास सगळा मेळावा तिनं हातात ठेवला.

दुपारी मंडप उतरवताना तो चहा घेऊन आला. "राग गेला काय?"

"थोडा ठेवला हाये." तिनं कप घेतला, त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या घराले पायऱ्या किती?"

"तीन. काहून?"

"तुमच्या आईले भेटाले यायचं हाये."

"आईले..." त्यानं कान खाजवला. "आईले काय सांगू?"

"सांगा, दीपमालाले तुमचा पोरगा लय आवडते म्हणून."

कुलदीपचे डोळे भरून आलेले, ओठावर हसू. मग त्यानं गडबडीनं फोन काढला.

"हॅलो, सहदेव मिस्त्री? उद्या घरी ये बाप्पा. नाही, परवा नाही, उद्याच! तीन पायऱ्या फोडाच्या हायेत."